माकडांच्या ताटातली तीन तेलं

शिकागो विद्यापीठात ड्रागा वेसेलिनोविच, रॉबर्ट विस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडांचे तीन गट केले. खाणं तिन्ही गटांना एकसारखं, फरक फक्त स्निग्ध पदार्थाचा. एका गटाला लोण्याची चरबी, दुसऱ्याला खोबरेल, तिसऱ्याला शेंगदाण्याचं तेल. शिवाय तिन्ही ताटांत भरपूर कोलेस्टेरॉल वरून मिसळलेलं. १९७४ साली निष्कर्ष छापून आले. लोणी आणि खोबरेल खाणाऱ्यांच्या रोहिण्यांत चरबीची पुटं चढली होती, त्यात नवल नव्हतं. नवल होतं तिसऱ्या गटाचं. शेंगदाणा तेलात संपृक्त मेद कमी, त्यामुळे ते निरुपद्रवी निघेल असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात त्या माकडांच्या रोहिण्यांत जाड, तंतुमय, चिवट गाठी सापडल्या.

ज्या महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या फोडणी शेंगदाणा तेलाची, कूट प्रत्येक भाजीत आणि उपासाला तर दाण्याशिवाय पान हलत नाही, तिथल्या वाचकाने हे वाचून दचकावं हे साहजिक आहे. दचकण्याआधी त्या ताटात आणखी काय होतं ते मात्र बघायला हवं. 'अमुक तेल हृदयाला चांगलं, तमुक वाईट' अशी यादी हवी असणाऱ्यांची माकडांच्या साठ-सत्तर वर्षांच्या प्रयोगांनी निराशाच केली आहे. त्यांतून दिसतं ते असं की तेलाचा बरावाईट परिणाम यकृताच्या हातून होतो, आणि यकृत कुठलंही तेल एकटं बघत नाही. तेलासोबत काय आलं, किती आलं आणि कुणाच्या पोटात आलं, या तिन्हींचा हिशेब ते एकदम करतं.

पण मुळात माकडंच का? स्वस्त, लवकर वाढणारे उंदीर असताना हा खर्चिक उपद्व्याप कशासाठी? कारण या बाबतीत उंदीर आपला कुणीच लागत नाही. त्याच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएल कणांत असतं, आपलं एलडीएल कणांत. एका कणातलं कोलेस्टेरॉल दुसऱ्यात हलवणारं सीईटीपी नावाचं प्रथिन आपल्या रक्तात असतं, उंदरात नसतंच. त्यामुळे उंदराला नुसतं तूपलोणी चारून त्याच्या रोहिण्या सहजासहजी तुंबत नाहीत. सशाचं नेमकं उलट. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह याने सूर्यफुलाच्या तेलात शुद्ध कोलेस्टेरॉल विरघळवून सशांना चारलं, आणि काही आठवड्यांत त्यांच्या महारोहिणीत माणसासारखी पुटं दिसू लागली. प्रयोग ऐतिहासिक खरा, पण आक्षेपही रास्त होता: जन्मभर पाला खाणाऱ्या प्राण्याला अंड्यातला ऐवज चारल्यावर दुसरं काय होणार?

मग नजर वळली नरवानर गणाकडे. १९५३ साली हार्वर्डमध्ये जॉर्ज मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या कपुचिन माकडांना कोलेस्टेरॉल चारलं, आणि सोबतच्या प्रथिनात मुद्दाम गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी ठेवली. कोलेस्टेरॉल चढलं, रोहिण्यांत पुटंही आली. तीच अमिनो आम्लं खाण्यात पुन्हा घातल्यावर ही चढण आवरली गेली. चरबी चरबीपुरतं वागत नाही, शेजारच्या प्रथिनावरही तिचं वागणं ठरतं, हा धडा अगदी पहिल्याच मोठ्या प्रयोगात मिळाला होता. पुढच्या काळात तो बऱ्याच जणांच्या विस्मरणात गेला.

पुढची दोन-अडीच दशकं या संशोधनाचा मुख्य आधार ऱ्हीसस माकड होतं, आणि ते जायचं आपल्या देशातून. ऱ्हीसस उत्तर भारताचं. तापी आणि गोदावरीच्या दक्षिणेला घाटात गाडी थांबली की वेफर्सची पिशवी हिसकणारं जे लाल तोंडाचं माकड भेटतं ते त्याचं चुलत भावंड, टोपी माकड. पोलिओच्या लशीसाठी १९५० च्या दशकात ऱ्हीससची अफाट निर्यात झाली. प्रवासातल्या हालांमुळे १९५५ मध्ये सरकारने ती काही काळ थांबवलीही, आणि पुढे फक्त वैद्यकीय कामासाठी या अटीवर सोडली. ती अट मोडून लष्करी प्रयोगांत, किरणोत्साराच्या चाचण्यांत माकडं वापरली गेल्याचं उघड झालं तेव्हा मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ साली निर्यात कायमची बंद केली. अमेरिकी प्रयोगशाळांची धावाधाव झाली. त्यांनी आपल्याच आवारात ऱ्हीसस वाढवायला घेतले, आग्नेय आशियातलं लांब शेपटीचं माकड आणलं, कॅरिबियन बेटांवरचं हिरवं माकड आणलं. आज संशोधनपत्रिका चाळताना १९७८ च्या आधीची माकडं वेगळी आणि नंतरची वेगळी का, याचं एक उत्तर दिल्लीतल्या त्या निर्णयात आहे.

आता यकृताकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे.

तुपाचा घास पोटात गेला की आतड्यात पित्त त्याचे बारीक थेंब करतं, विकरं ते थेंब फोडतात आणि मेदाम्लं आतड्याच्या भिंतीतून आत जातात. तिथे त्यांची पुन्हा जुळणी होते आणि मोठाल्या कणांतून ती रक्तात उतरतात. तेलकट-तुपकट जेवणानंतर तीनेक तासांनी घेतलेलं रक्त उभं ठेवलं तर वरचा पिवळसर द्रव दुधाळ दिसतो, तो याच कणांमुळे. ते काही तासांत झिजतात आणि उरलेला गाळ यकृत उचलतं. कोलेस्टेरॉलही त्याच वाटेने येतं. पण खाण्यातून येणारं कोलेस्टेरॉल हा एकूण हिशेबाचा लहान भाग. माणसाचं शरीर स्वतःच रोज पाऊण ते एक ग्रॅम कोलेस्टेरॉल तयार करतं, आणि एका अंड्याच्या बलकात असतं साधारण २०० मिलिग्रॅम.

यकृत हे मेद आणि कोलेस्टेरॉल कणांत भरून रक्तात पाठवतं. पेशींना चरबी पोचवत पोचवत तो कण आटतो आणि शेवटी एलडीएल बनतो. हा एलडीएल परत उचलणारे रिसेप्टर पेशींच्या अंगावर असतात, त्यांतले बहुसंख्य यकृतातच. डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात ते शोधले आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. रिसेप्टर भरपूर असतील तर एलडीएल रक्तात फार काळ फिरत नाही. ते कमी झाले की तो दिवसेंदिवस रेंगाळतो, आणि जितका रेंगाळेल तितका रोहिणीच्या अस्तरात शिरण्याचा त्याला मोका.

रिसेप्टर किती करायचे हे यकृत ठरवतं आपल्या पेशींतलं मोकळं कोलेस्टेरॉल मोजून. इथेच मेदाचा प्रकार आड येतो. यकृतात कोलेस्टेरॉल दोन रूपांत असतं: एक मोकळं, दुसरं मेदाम्लाशी जोडून साठवलेलं, म्हणजे एस्टर. घरखर्च हातातली रोख बघून ठरतो, मुदत ठेवीत किती आहे ते बघून नाही, यकृताचंही तसंच. ओलेइक किंवा लिनोलेइक आम्ल असलं की कोलेस्टेरॉल चटकन जोडलं जातं, ठेवीत जातं, रोख कमी दिसते. यकृताला वाटतं आपल्याकडे टंचाई आहे, आणि ते रिसेप्टर वाढवून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. पामिटिक, मायरिस्टिक यांसारखी संपृक्त आम्लं या जोडणीला तितकी उपयोगी नाहीत. कोलेस्टेरॉल मोकळंच राहतं, यकृताला सुबत्ता वाटते, रिसेप्टर घटतात, आणि रक्तातलं एलडीएल चढतं.

हे नुसतं कागदावरचं गणित नव्हे. टेक्सासातल्या सॅन अँटोनिओला बबून माकडांची मोठी वसाहत आहे, पिढ्यांच्या वंशावळींसह. तिथल्या बबूनांवरचं काम १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. संपृक्त मेद खाणाऱ्यांच्या यकृतात एलडीएल रिसेप्टर बनवण्याचा जो संदेश जनुकाकडून निघतो, तोच असंपृक्त मेद खाणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. म्हणजे ताटातला मेद थेट जनुकांच्या कामकाजापर्यंत पोचत होता.

माणसांत हाच हिशेब अँसल कीज आणि मार्क हेगस्टेड यांनी १९६५ च्या सुमारास स्वतंत्रपणे सूत्रात बसवला होता: संपृक्त मेद कोलेस्टेरॉल जेवढं चढवतो, त्याच्या साधारण निम्मं बहुअसंपृक्त मेद उतरवतो. सूत्र सरासरीला चांगलं चालतं. मात्र त्यात सगळे संपृक्त मेद एकाच रांगेत बसवले की गफलत होते. बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात के. सी. हेज आणि प्रमोद खोसला यांनी कपुचिन, ऱ्हीसस अशा माकडांना तऱ्हेतऱ्हेची मिश्रणं चारून दाखवलं की सगळ्यांत जोरदार चढवतं ते चौदा कार्बनांचं मायरिस्टिक आम्ल. सोळा कार्बनांचं पामिटिक, म्हणजे पामतेलातलं मुख्य संपृक्त आम्ल, खाण्यात कोलेस्टेरॉल कमी आणि लिनोलेइक पुरेसं असेल तर फारसा उपद्रव करत नाही, असंही त्यांनी मांडलं. पुष्कळांनी त्यावर वाद घातला, आणि पामतेलाच्या व्यापाऱ्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. मला त्यांच्या मांडणीतला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो: लिनोलेइक आम्लाची एक किमान पातळी आहे, तिच्या खाली गेलात की संपृक्त मेद भारी पडू लागतो.

खोबरेलाचा तंटा इथेच सुटतो, निदान अर्धा तरी. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल, वर सोळा ते वीस टक्के मायरिस्टिक, आणि लिनोलेइक जेमतेम दोन टक्के. माकडांना मेद म्हणून फक्त खोबरेल चारलं की एलडीएल चढतं, एचडीएलही चढतं, आणि खाण्यात कोलेस्टेरॉल मुळीच नसलं तरी चढतं. पण प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ आणि पुकापुका बेटांवरचे लोक नारळावर जगत आले. न्यूझीलंडच्या इयान प्रायर यांच्या १९८१ च्या अभ्यासात टोकेलाऊच्या लोकांची ६३ टक्के ऊर्जा नारळातून येत होती. त्यांचं कोलेस्टेरॉल पुकापुकाच्या, म्हणजे ३४ टक्के ऊर्जा नारळातून घेणाऱ्यांच्या, वरच होतं. अर्थात माकडांवर दिसलेला नियम माणसांवरही दिसला. तरीही हृदयविकार दोन्ही बेटांवर विरळा. कारण ते खात होते अख्खं खोबरं, चोथ्यासकट, सोबत मासे आणि कंद, आणि साखर-मैदा अगदी थोडा. कोकणातल्या माशाच्या आमटीतलं वाटलेलं खोबरं या बेटांच्या जवळचं आहे. सकाळी कॉफीत चमचाभर 'व्हर्जिन' खोबरेल घालून हृदय राखायला निघालेला शहरी माणूस मात्र शिकागोच्या माकडाच्या जवळचा आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

या सगळ्या मालिकेतला सर्वांत चकवणारा प्रयोग करडईचा आहे.

नॉर्थ कॅरोलिनात विन्स्टन-सेलमच्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात लॉरेन्स रुडेल यांनी आफ्रिकी हिरवी माकडं घेतली. ती यायची कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरून. गुलामांच्या व्यापाराच्या काळात जहाजांवरून पश्चिम आफ्रिकेतून आलेली ही जमात आजही तिथल्या शेतांचा फडशा पाडते. रुडेल यांनी तीन आहार आखले. ३५ टक्के ऊर्जा मेदातून, कोलेस्टेरॉल तिन्हींत सारखं. संपृक्त मेदासाठी पामतेल आणि बाकी दोन्ही गटांना करडईचं तेल! करडई एकच, पण वाण दोन. आपली नेहमीची करडई लिनोलेइकने ठासून भरलेली, जवळपास पाऊण हिस्सा; एवढं बहुअसंपृक्त तेल दुसरं क्वचितच. दुसरा वाण ओलेइक आम्लाचा. त्याचा गुण मुळात भारतातून गेलेल्या बियाण्यात १९५७ च्या सुमारास लक्षात आला होता. तो हेरून कॅलिफोर्नियात पॉल्डन नोल्स यांनी वाण तयार केला आणि १९६६ मध्ये प्रसृत केला. म्हणजे एकाच पिकाची दोन तेलं: एक सूर्यफुलाच्या वळणाचं, दुसरं ऑलिव्हच्या. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला करडई उभी राहायची. काट्यांमुळे काढणीला माणसं मिळेनात म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचा संकरित वाणही काढला. तरी क्षेत्र आटतच गेलं आणि दुकानातल्या पामतेलाने तिची जागा घेतली.

पाच वर्षं हा आहार चालला. वर्षानुवर्षं रक्त तपासलं तेव्हा ओलेइक-करडई खाणाऱ्या माकडांचे आकडे झकास दिसत होते. एलडीएल लिनोलेइक गटाइतकंच खाली, आणि 'चांगलं' म्हणवलं जाणारं एचडीएल त्यांच्यापेक्षा वर. कुठल्याही डॉक्टरने पाठ थोपटली असती. १९९५ मध्ये निष्कर्ष आले ते हृदयाच्या रोहिण्या कापून बघितल्यावर. ओलेइक गटाच्या रोहिण्यांतली पुटं पामतेल गटाइतकीच होती. वाचला होता तो फक्त लिनोलेइक गट.

असं का व्हावं? मघाच्या यकृतातल्या ठेवीचाच हा पुढचा अध्याय. ओलेइक आम्ल कोलेस्टेरॉलला पटकन जोडलं जातं हे खरं, पण ते जोडलेलं रूप यकृतातच पडून राहत नाही. बाहेर पडणाऱ्या कणांत ते भरलं जातं. त्यामुळे रक्तातले एलडीएल कण कोलेस्टेरॉल-ओलेएटने गच्च होतात, आणि अशा कणांचं प्रमाण जितकं जास्त तितकी माकडांच्या रोहिणीतली पुटं जास्त, असं रुडेल यांना पुन्हा पुन्हा आढळलं. ही जोडणी करणारं यकृत आणि आतड्यातलं खास विकर, एसीएटी-२, त्यांच्याच चमूने १९९८ मध्ये नरवानर गणातल्या प्राण्यांतून ओळखून काढलं. पुढे ज्या उंदरांत हे विकर जनुकातूनच काढून टाकलं, त्यांना कोलेस्टेरॉल चारूनही ते फारसं चढेना.

रक्ताच्या रिपोर्टवरचा आकडा आणि रोहिणीतली पुटं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कुठल्या प्रयोगाने दाखवल्याचं मला आठवत नाही. म्हणून ऑलिव्हची बाटली फेकायची का? तसंही नाही. स्पेनमधल्या प्रेडिमेड या मोठ्या अभ्यासात ऑलिव्ह तेलासह भूमध्य पद्धतीचं जेवण करणाऱ्यांत पक्षाघात, हृदयविकाराचे झटके आणि त्यांनी येणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं. ऑलिव्ह तेलात ओलेइकखेरीज इतरही बरंच काही असतं आणि त्या ताटात मासे, डाळी, भाज्याही असतात. उलट रुडेल यांच्या माकडांना दर कॅलरीमागे ०.८ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल मिळत होतं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या हिशेबात ते १६०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे रोज आठ बलक. हा आकडा लक्षात ठेवल्याशिवाय तो प्रयोग वाचू नये.

शिकागोच्या माकडांचं तर त्याहून जास्त. त्यांच्या खाण्यात वजनाने २ टक्के कोलेस्टेरॉल होतं. दिवसाला अर्धा किलो कोरडं अन्न खाणाऱ्या माणसाने हे प्रमाण पाळायचं ठरवलं तर त्याला दहा ग्रॅम कोलेस्टेरॉल, म्हणजे पन्नासेक अंड्यांचे बलक रोज खावे लागतील. त्यावर शेंगदाणा तेल ओतून रोहिण्या बिघडल्या, तर दोष किती तेलाचा आणि किती बलकाचा? तरीही सगळा दोष कोलेस्टेरॉलच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. लोणी आणि खोबरेल खाणाऱ्यांच्या ताटातही तेवढंच कोलेस्टेरॉल होतं, आणि तंतुमय गाठी मात्र शेंगदाणा गटाला जास्त आल्या. फिलाडेल्फियाच्या डेव्हिड क्रिचेव्हस्की यांनी याचा पिच्छा पुरवला. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला तीन मेदाम्लं जोडलेली असतात, आणि कुठलं आम्ल कुठल्या जागी यालाही महत्त्व असतं. तीच आम्लं तशीच ठेवून फक्त जागांची अदलाबदल केली, तर ते शेंगदाणा तेल सशांना कमी बाधतं, असं त्यांनी दाखवलं. पुढे शेंगदाण्यातल्या लेक्टिन या प्रथिनाच्या अंशाकडेही त्यांनी बोट दाखवलं. माणसांच्या अभ्यासांत मात्र नियमित शेंगदाणे खाणाऱ्यांत हृदयविकार जास्त नाही, उलट कमीच आढळत आला आहे. माझा कौल विचाराल तर ठेच्यातल्या दाण्यांना घाबरण्याचं कारण नाही. तळणीच्या कढईत रोज किती तेल जिरतं, हा वेगळा प्रश्न.

पुटं एकदा चढली की कायमची, असं त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत. ते मोडीत काढलं आयोवा विद्यापीठातल्या ऱ्हीसस माकडांनी. मार्क आर्मस्ट्राँग, एमरी वॉर्नर आणि विल्यम कॉनर यांनी माकडांना १७ महिने अंड्याच्या बलकाचा मारा केला. कोलेस्टेरॉल सातशेच्या घरात गेलं, हृदयाच्या रोहिण्या निम्म्याहून जास्त अरुंद झाल्या. मग काही माकडांचं शवविच्छेदन करून नोंद घेतली, आणि बाकीच्यांना ४० महिने कोलेस्टेरॉलविरहित आहारावर ठेवलं. काहींना अगदी कमी मेद, काहींना मक्याचं तेल. १९७० मध्ये त्यांनी रोहिण्यांचे काप छापले. आधीच्या कापांत अस्तराखाली फेसाळ पेशींचा थर, त्यांत चरबीचे थेंब गच्च, मधली वाट चिंचोळी. नंतरच्या कापांत चरबी बरीचशी शोषली गेलेली, अस्तर पातळ, वाट पुष्कळ मोकळी. मागे राहिले ते तंतू. दोन्ही आहारांनी हे साधलं. पहिलं स्टॅटिन औषध बाजारात यायला अजून १७ वर्षं होती. ही माकडं आपल्याच देशातून गेलेल्या पिढीची होती आणि त्यांतलं एकही प्रयोगातून जिवंत सुटलं नाही, हेही या यशासोबत लिहिलं पाहिजे.

एकाच ताटातलं खाऊन दोन माकडांचं कोलेस्टेरॉल सारखं चढत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या खार-माकडांत काहींचं बलकाने भरमसाट वाढतं, काही ढिम्म राहतात, आणि हा फरक पिलांत उतरतो. टॉमस क्लार्कसन आणि ह्यू लोफलँड यांनी हे १९७१ मध्ये दाखवलं. माझे आजोबा रोज वाटीभर तूप खायचे आणि नव्वदी गाठली, असं सांगणारा माणूस बहुधा खरंच सांगत असतो. आजोबा ढिम्म गटातले असतील. नातवाला तोच वारसा मिळाला असेल याची खात्री कोण देणार?

त्यात स्वभाव आणि समाजही लुडबूड करतात. विन्स्टन-सेलममध्ये जे कॅप्लान आणि क्लार्कसन यांनी लांब शेपटीच्या नर माकडांचे गट केले आणि काही गटांतली माकडं वारंवार अदलाबदल करून टोळीची घडी सतत विस्कटत ठेवली. आहार सगळ्यांना एकच, रक्तातले आकडेही साधारण सारखे. पण विस्कटलेल्या गटांत ज्यांना दादागिरी टिकवायला रोज नव्याने भांडावं लागत होतं, त्यांच्या हृदयाच्या रोहिण्यांत पुटं सर्वांत जास्त निघाली. स्थिर टोळीतल्या दादांना तो त्रास नव्हता. कार्यालयात खांदेपालट झाली की साहेबांचा रक्तदाब का वाढतो, याचं उत्तर मला या शोधनिबंधात सापडलं.

वनस्पती तुपाबद्दल फार बोलायला नको, तिथे वादच उरलेला नाही. हायड्रोजन घालून घट्ट केलेल्या तेलातला ट्रान्स मेद एलडीएल चढवतो आणि एचडीएल उतरवतो. कायली कॅव्हनाग यांनी २००७ मध्ये छापलेल्या प्रयोगात हिरव्या माकडांना सहा वर्षं सारख्याच कॅलरी दिल्या होत्या. ट्रान्स मेद खाणाऱ्यांचं वजन ७.२ टक्क्यांनी वाढलं, दुसऱ्या गटाचं १.८ टक्क्यांनी, आणि वाढलेली चरबी मुख्यतः पोटावर साठली. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. दिवाळीच्या शंकरपाळ्यांसाठी डालडाच हवा असा हट्ट धरणाऱ्या जुन्या सुगरणींना खुसखुशीतपणाची दुसरी वाट शोधावी लागली.

प्रयोगशाळेबाहेर, रानातले आपले नातलग काय खातात? मध्य आफ्रिकेतल्या गोरिलाचा आहार टोरोंटोच्या डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मोजला. पाला, देठ, साली, फळं. त्यातून थेट मेदाची ऊर्जा जेमतेम अडीच टक्के. पण मोठ्या आतड्यातले जिवाणू तो चोथा आंबवून लहान साखळीची मेदाम्लं तयार करतात, आणि ५७ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा त्यांतून मिळते. म्हणजे पाला खाणारा गोरिला एका अर्थी मेदावरच जगतो, फक्त तो मेद त्याच्या आतड्यात तयार होतो आणि त्यात कोलेस्टेरॉल नसतं. चिंपांझीचं कोडं वेगळं. बंदिवासातल्या चिंपांझींचं कोलेस्टेरॉल माणसापेक्षा चढं असतं, तरी आपल्यासारखा रोहिणी तुंबून येणारा झटका त्यांना क्वचित. त्यांचं हृदय बंद पडतं ते बहुधा स्नायूत तंतू माजल्यामुळे. जनुकांनी इतक्या जवळच्या भावंडाचा रोगही आपल्यासारखा नाही, हे समजल्यावर माकडांचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं.

जेनकिन्स यांनी तेच केलं. वानरांच्या ताटातून त्यांनी माणसाला पेलतील अशा चार गोष्टी उचलल्या: चिकट चोथा (म्हणजे ओट, बार्ली, भेंडी, वांगी), सोयाबीनची प्रथिनं, बदाम, आणि वनस्पतींतले स्टेरॉल, जे आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतात. मुळात संपृक्त मेद आणि कोलेस्टेरॉल दोन्ही कमी असलेल्या आहारात या चारही गोष्टी एकत्र घातल्या. २००३ च्या चाचणीत महिन्याभरात एलडीएल २८.६ टक्क्यांनी उतरलं. शेजारच्या गटाला लोव्हास्टॅटिनची गोळी होती, त्यांचं उतरलं ३०.९ टक्के. फक्त त्या महिन्याचं सगळं खाणं संशोधकांनी पुरवलेलं होतं. नंतर कॅनडातल्या शहरांत लोकांना नुसता सल्ला देऊन घरी सोडलं, बाजार त्यांचा आणि स्वयंपाकही त्यांचाच. २०११ मध्ये सहा महिन्यांचे आकडे आले. एलडीएल उतरलं होतं १३ टक्क्यांच्या आसपास, आणि ज्यांनी सांगितलेलं जास्त पाळलं त्यांचं जास्त.